एक सुताची फट

"दादा, वसरीत मधोमध पार्टिशन घालूया म्हणतो. प्लाय तूच कापून दे."

धाकट्या भावाने हे मला एका रविवारी सकाळी चहा पिताना सांगितलं आणि बशीत उरलेला उंडो, म्हणजे आमच्याकडचा गोल पाव, तोडून खायला लागला. जनेलाची काच फुटली आहे, बदलायला हवी, हे माणूस ज्या सुरात सांगतो त्याच सुरात. मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिलो. माझ्या हातातला पावाचा तुकडा चहात पडून विरघळला होता, तेही मला नंतर दिसलं. शेवटी तोंडातून एवढंच निघालं, "किती एमएमचा?"

त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. भाऊ घराच्या मधोमध भिंत घालायला निघालाय आणि मी प्लायची जाडी विचारतोय! ओरडायला हवं होतं. ओरडण्यात मी कमी नाही, माझा आवाज तळ्यापर्यंत जातो असं आमची ही म्हणते. पण त्या दिवशी माझी वाचाच बसली. आणि वाचा बसली की माझ्यातला फिटर बोलायला लागतो.

आमचं घर गोव्यात मयेला, तळ्याजवळ. वडिलांनी बांधलेलं, चिऱ्यांचं, कौलारू, अजून चांगलं धडधाकट. पुढे वसरी, म्हणजे लांबरुंद मोठी खोली. तिच्या उजवीकडच्या खोल्या माझ्या, डावीकडच्या त्याच्या. चुली दोघी जावांनी कधीच वेगळ्या केल्या होत्या, त्यात भांडण नव्हतं; एकीला तिखट लागतं, दुसरीला सोसत नाही. वसरी मात्र सगळ्यांची. तिच्या मागच्या भिंतीशी, अगदी मध्यावर, गणपतीची जागा. वर वाशांना माटोळीचे आकडे कायमचे मारलेले आहेत. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला सुपारीचे घोस, नारळ, रानातली फळं बांधतात. ती बांधायला आम्हा दोघा भावांना मिळून एक आख्खा दिवस लागतो आणि त्या दिवसात आम्ही किमान तीनदा भांडतो.

भाऊ अठरा वर्षं मोरजीला एका हॉटेलात होता. ती नोकरी सोडून तो घरी आला, आणि तळं बघायला येणाऱ्या लोकांना आपल्या बाजूच्या दोन खोल्या द्यायच्या असं त्याने ठरवलं.

"गेस्टना प्रायव्हसी लागते दादा," तो म्हणाला. "तू वसरीत बनियनवर पेपर वाचत बसतोस, वहिनी भाजी चिरत बसते. ते लोक दारातून आत येतात आणि गोंधळतात, कोणाच्या घरात शिरलो म्हणून."

"आणि गणपती?"

"गणपती एकच रे! भिंतीजवळच्या दोन शीट काढता येतील अशा बसव. चतुर्थीला काढायच्या, विसर्जन झालं की परत लावायच्या."

एवढं ऐकलं आणि माझ्या जिवात जीव आला. गणपती एकच, म्हणाला ना? मग घर एकच. पार्टिशन काय, मोठं कपाट समजायचं. असं मी स्वतःला समजावलं आणि टेप शोधायला उठलो.

मी खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. लोखंडात केसाएवढी चूक झाली तर बेअरिंग जळतं आणि आख्खी मशीन उभी राहते, हे माझ्या हाडात मुरलेलं आहे. खाण बंद पडली तेव्हा घरामागच्या मांगरातली, म्हणजे शेडमधली, जुनी लाकडं बाहेर काढली आणि तिथे माझं वर्कशॉप थाटलं. गावातला मेस्त, आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात, एकदा माझं कपाट बघायला आला. सांध्यावरून नख फिरवलं, दार दोनदा उघडून बंद केलं आणि म्हणाला, "फिटरा, तू लाकडाला लोखंड समजतोस." मला ती स्तुती वाटली! मी त्याला चहा पाजला आणि चार लोकांना ते वाक्य सांगत फिरलो.

प्लायमध्ये आठ फुटांचा सरळ काप घेणं ही दिसते तेवढी सोपी गोष्ट नाही. नुसत्या हाताने कटर मारायला जा, रेघ एकीकडे आणि मशीन दुसरीकडे. माझी युक्ती अशी. प्लायची कारखान्यातून आलेली कड सरळ असते. तिची वीतभर रुंद पट्टी काढायची, ती एका पातळ प्लायवर चिकटवायची आणि त्या पट्टीला टेकवून मशीन एकदा शेवटपर्यंत चालवायचं. खालचा पातळ प्लाय जिथे कापला जाईल, तिथूनच पातं जाणार, आज आणि नेहमीच. मग ती कड पेन्सिलीच्या रेघेवर ठेवायची, दोन्ही टोकांना क्लॅम्प आवळायचे आणि मशीन शांतपणे पुढे न्यायचं. कापलेल्या कडेवरून तळहात फिरवला तर कुठे अडकता कामा नये.

एक गोष्ट मात्र एकट्याने होत नाही. काप संपत आला की सुटलेला भाग खाली लोंबायला लागतो, फटीत पातं आवळलं जातं आणि मशीन अंगावर उसळतं. त्या सुटणाऱ्या भागाला धरायला दुसरा माणूस लागतो. मी आजवर घरात जेवढं काम केलं, कपाटं, मेजं, आमच्या हिची मांडणी, त्या सगळ्यात तो दुसरा माणूस म्हणजे सुट्टीला घरी आलेला माझा भाऊ. पार्टिशनलाही तोच. आपल्याच घरात आड घालायला आम्ही दोघं भाऊ दोन बाजूंनी शीट धरून उभे! आता आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हा काही वाटलं नाही, उलट मजा येत होती.

एप्रिलमध्ये डिचोलीहून टेम्पोतून पाच शीट आल्या, आठ बाय चारच्या. ऊन असं की मांगराचे पत्रे तडतडत होते. तीन दिवस आम्ही कापत होतो. पहिल्या कापाच्या आधी भावाने विचारलं, "पातं रेघेच्या कुठल्या बाजूला?"

"इतकी वर्षं धरतोयस आणि अजून विचारतोस? पातं एक सूत खातं. म्हणून रेघ आपल्याकडे ठेवायची आणि पातं टाकाऊ बाजूला चालवायचं." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"आणि ही पाऊण इंच जाडी?" त्याने शीटवर टिचकी मारली. "ही वसरीत कोणाच्या वाट्यातली जाणार? तुझ्या की माझ्या?"

तो हसला, मीही हसलो. मग मी उगाचच जास्त जोरात क्लॅम्प आवळला.

तिसऱ्या दिवशी त्या दोन काढत्या शीट उरल्या. भिंतीला लागून एक उभी पट्टी मारली होती आणि तिथून सात फुटांवर खांब, दोन्ही फणसाच्या लाकडाचे. त्या दोघांच्या मध्ये या शीट बसायच्या होत्या. एकदा मनात आलं, मुद्दाम वाकडं कापावं. शीट वाया जाईल, काम रेंगाळेल, पाऊस येईल, तोवर कदाचित याचं मन बदलेल. खरंच सांगतो, मशीन चालू करून मी क्षणभर थांबलो होतो. पण हात ऐकेना. हाताने आपला नेहमीसारखा सरळ, गुळगुळीत काप घेतला आणि मी त्या कडेवरून तळहात फिरवून खूश झालो. मेल्या, तुला काय म्हणावं!

शेवटच्या शीटची फूटभर रुंद, आठ फूट लांब पट्टी उरली. उरलेल्या तुकड्यावर पेन्सिलीने फुली मारायची माझी सवय आहे. तशी मारली आणि ती पट्टी मांगराच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली.

दोन्ही शीट अशा बसल्या की बाजूच्या फटीत पोस्टकार्ड जाईना. भावाने शेवटची शीट तळहाताने आत ढकलली तेव्हा कोंडलेली हवा फुस्स करून बाहेर आली. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं! दोन कड्या माझ्या बाजूने, दोन त्याच्या बाजूने. आमची ही दारात उभी राहून सगळं बघत होती. मग वसरीतली आपली विळी उचलली आणि स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर ती वसरीत भाजी चिरायला बसली नाही.

मे महिन्यात त्याच्याकडे लोक यायला लागले. प्लायपलीकडून बॅगांची चाकं, हसणं, भावाचा तो हॉटेलातला गोड आवाज. मला सगळं ऐकू यायचं आणि दिसायचं काहीच नाही. बारा फुटांवर आपला भाऊ जेवतोय आणि तो काय खातोय हे आपल्याला ठाऊक नाही, याची सवय होत नाही. पाऊस लागला, तरी लोक येत होते. जुलैमध्ये एका दुपारी पलीकडे कोणीतरी मोठ्याने गाणी लावली. मी जेवून आडवा झालो होतो. उठलो आणि प्लायवर दाणदाण मुठी मारल्या.

"बंद कर ते! पार्टिशन कशाला घातलंय? तुझं काय ते तिकडे! तू तिकडे आणि मी इकडे, आता संबंध नाही!"

गाणी बंद झाली.  मी विजयी वीरासारखा येऊन झोपलो. संध्याकाळी आमची ही म्हणाली, "जरा जास्तच बोललात." मी म्हटलं, "त्याला सवय आहे." पुढे पंधरा-वीस दिवस आम्हा भावांची गाठ पडली ती फक्त बाहेर, अंगणात, मान हलवण्यापुरती. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. आमच्यात हे असंच चालतं, चतुर्थी आली की माटोळीखाली सगळं मिटतं.

श्रावणात मी गणपतीचा पाट घेऊन चित्रशाळेत गेलो. आमच्याकडे मूर्ती दुकानातून तयार आणत नाहीत. घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन द्यायचा आणि तो त्याच पाटावर माती चढवून गणपती करतो. आमचा पाट फणसाचा, वडिलांच्या वेळचा, पाण्यात जाऊन जाऊन काळा पडलेला. दरवर्षी भाऊ बरोबर असतो. यंदा मी त्याला सांगितलंच नाही, तोही विचारायला आला नाही.

चित्रशाळेत जमिनीवर पाटांच्या रांगा लागल्या होत्या. काहींवर नुसते मातीचे गोळे, काहींवर अर्धे गणपती, हात नसलेले, सोंड नसलेले. मी आमचा पाट टेकवायला जागा बघत होतो आणि माझी नजर एका पाटावर गेली. प्लायचा पाट. फूटभर रुंद, दीड फूट लांब. त्यावर हातभर उंचीचा गणपती जवळजवळ पूर्ण झालेला. लोक हल्ली प्लायचे पाट देतात, त्यात नवल काही नाही. पण मी थांबलो ते त्याच्या कडेमुळे.

आपली कड माणसाला ओळखता येते. लांबीच्या दोन्ही बाजूंपैकी एक कारखान्याची आणि दुसरी माझी, वस्तऱ्याने कापल्यासारखी स्वच्छ. आखूड दोन बाजू मात्र हातकरवतीने कापलेल्या, वाकड्या, कपच्या उडालेल्या, घाईघाईने घासलेल्या. मी खाली बसलो. मातीच्या खालून पेन्सिलीची एक रेघ डोकावत होती. माझी फुली.

पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय ते मला तिथे कळलं. मी खरंच हात जमिनीला टेकला.

"हा कोणाचा?" मी मूर्तिकाराला विचारलं. माहीत असून विचारलं.

"तुमच्या धाकट्याचा नव्हे? पंधरा दिवस झाले देऊन," तो माती मळता मळता म्हणाला. "आता वेगळा करणार म्हणाला. मला वाटलं तुमचं ठरलंय. एकाच घरातले म्हणून तुमचा पाट शेजारीच ठेवतो, ठेवा इथे."

वेगळा करणार! गोव्याबाहेरच्या माणसाला कदाचित यातलं काही कळणार नाही. आमच्याकडे भाऊ वेगळे होतात, चुली वेगळ्या होतात, जमिनी वेगळ्या होतात, पण गणपती मूळ घरात एक. मुंबईला गेलेला, दुबईला गेलेला, कोर्टात उभा राहिलेला भाऊसुद्धा चतुर्थीला त्या एका गणपतीपुढे येऊन बसतो. गणपती वेगळा केला की संपलं. त्यानंतर आपण नातेवाईक, एका घरातले नाही. आणि हे माझ्या भावाने मला न सांगता केलं होतं. मी टाकाऊ म्हणून फुली मारलेल्या तुकड्यावर केलं होतं.

स्कूटर मी घरी कशी आणली ते विचारू नका. हेल्मेट चित्रशाळेत राहिलं. मी सरळ त्याच्या बाजूच्या दारातून आत शिरलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तो आणि त्याची बायको चादरींच्या घड्या घालत होते.

"लाज नाही वाटली?" मी ओरडलो. "माझ्याच प्लायचा पाट करून देतोस? गणपती एकच म्हणालेलास ना? ह्याच तोंडाने म्हणालेलास ना?"

तो पांढराफटक पडला. पण चादर खाली ठेवून तोही उठला, आणि माझ्यासारखाच ओरडला. मी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

"मी म्हणालेलो! आणि बंद कोणी केलं? तू! ती गाणी लावली त्या दिवशी संबंध नाही म्हणालास. मला वाटलं, रागात बोलला. म्हटलं, चतुर्थीच्या आधी शीट काढून पुसून ठेवूया. तुम्ही दोघं बाजारात गेला होतात. माझ्या कड्या काढल्या, तिकडून येऊन तुझ्या काढल्या. ढकललं. खांदा लावला. जराही हललं नाही! तू तिकडून स्क्रू मारलेस, दादा. कुठेतरी आतून मारून वर रंग लावलास. तुझं काम मला माहीत नाही काय? तुला लपवायचं असलं तर कोणाच्या बापाला दिसणार नाही."

मी पार्टिशनकडे वळून बघितलं.

"मला विचारलं का नाहीस?"

"काय विचारायचं? मला घराबाहेर काढलंस काय, असं विचारायचं?" त्याचा आवाज फाटला. त्याच्या बायकोने तोंडाला पदर लावला.

मी पार्टिशनपाशी गेलो. कड्या काढल्या. ढकललं. शीट हलली नाही. पळत बाहेरून माझ्या बाजूला आलो, तिकडच्या कड्या काढल्या, दोन्ही हातांनी ओढलं. नाही. पलीकडून भावाला ढकलायला सांगितलं. दोघांचा जोर लागला, वरचे वासे कुरकुरले, शीट जागची हलली नाही. मी टॉर्च आणून कडेवर मारला. मघा पोस्टकार्ड जात नव्हतं म्हणालो, आता फटच नव्हती. प्लाय आणि फणसाचा खांब एकमेकांत घट्ट बसले होते.

आणि तेव्हा मला मेस्ताचं वाक्य आठवलं. फिटरा, तू लाकडाला लोखंड समजतोस.

अरे देवा! लोखंड पावसात गंजतं, फुगत नाही. लाकूड फुगतं. मयेतलं शेंबडं पोर सांगेल की पावसाळ्यात दारं अडकतात, जनेलं लागत नाहीत. माझ्याच स्वयंपाकघराचं दार मी दर जूनमध्ये लाथेने उघडतो! आणि एप्रिलच्या कडक उन्हात, सुकून खडखडीत झालेल्या लाकडात, मी पोस्टकार्डही जाणार नाही अशी शीट बसवली होती आणि शेजाऱ्यांना दाखवली होती. एक सूत फट सोडली असती तर ती शीट पोराच्या हाताने निघाली असती. कोणताही मेस्त डोळे मिटून सोडतो ती फट. माझ्या डोक्यातच आलं नाही.

भाऊ माझ्या बाजूला येऊन उभा होता. मी त्याला खांबाची पूर्ण उंची टॉर्चने दाखवली. "बघ. एक स्क्रू दाखव. पावसाने फुगलंय रे. माझी चूक. फट सोडली नाही."

त्याने कडेवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग मटकन खाली बसला. "देवा," म्हणाला. "आणि मी पाट देऊन आलो."

मी मांगरातून कटर आणलं. माझी सरळ पट्टी तिथे कामाची नव्हती, क्लॅम्प आवळायला शीटची एकही कड मोकळी नव्हती. स्क्रूने मारता आली असती, पण माझ्यात तेवढा दम नव्हता. मला ते आत्ताच्या आत्ता उघडं हवं होतं. भावाला म्हटलं, पलीकडून धर, सुटेल तेव्हा अंगावर येईल. स्टुलावर चढलो आणि खांबापासून दोन बोटं सोडून, नुसत्या हाताने, वरून खाली कापत आलो. मशीन जड, डोळ्यांत भुसा. काप सापासारखा वाकडातिकडा जात होता. अर्ध्यावर आलो असेन तेव्हा आठवलं की मी पात्याची खोली लावलीच नव्हती. पातं पूर्ण बाहेर होतं. म्हणजे पलीकडे ते बोटभर तरी बाहेर येत असणार, आणि पलीकडे भावाचे हात होते.

बटण सोडलं आणि किंचाळलो, "हात!"

पलीकडून आवाज नाही. मी स्टुलावरून उडी मारली, बाहेरून धावत त्याच्या दारातून आत गेलो. तो तसाच उभा होता, दोन्ही तळहात शीटला टेकवून. फटीपासून त्याचा अंगठा दोन बोटांवर. तो त्या फटीकडे बघत होता.

"हलवला का नाहीस?" मी विचारलं.

"तूच म्हणालास ना, धर," तो म्हणाला.

मी त्याचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले आणि उलटसुलट करून बघितले. रक्त नव्हतं. मी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

शीट निघाली. दुसरीही निघाली. वसरीतून पलीकडचं जनेल दिसलं, आणि आमची ही दारात येऊन जावेला म्हणाली, "उजेड आला गो." त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं चित्रशाळेत गेलो. मला वाटत होतं, सांगितलं की झालं. मूर्तिकाराने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि आमचं सगळं ऐकून घेतलं. मग मान हलवली.

"नाव घेऊन पाट दिला, माती चढली, रूप आलं. आता मोडता येत नाही. पुजायलाच हवा. आणि एकदा बसवला की दरवर्षी."

भटजींना विचारलं, एका घरात दोन चालतील का? त्यांनी उलट विचारलं, "चुली किती?" मी म्हटलं, दोन. "मग चालतात," ते म्हणाले. एवढं सोपं होतं ते.

चतुर्थीला वसरीच्या मध्यावर दोन गणपती बसले. एक फणसाच्या काळ्या पाटावर, एक प्लायच्या, आणि दोघांवर मिळून एक माटोळी. ती आम्हीच बांधली, तीनदा भांडून. येणारे जाणारे नमस्कार करायचे, आधी कोणाला करायचा म्हणून क्षणभर थांबायचे. आरती एकच झाली, नैवेद्य दोन. माझी नजर सारखी त्या लहान गणपतीच्या पाटाकडे जायची. मन भरून यायचं आणि लगेच आठवायचं, की हे आता कायमचं. आम्ही दोघं असेतो आणि नंतरही. आमच्या मुलांना कोणी विचारलं, तुमच्याकडे दोन का, तर ती काय सांगणार? की आमच्या बापाला लाकूड फुगतं हे माहीत नव्हतं?

पाचव्या दिवशी दोन्ही गणपती व्हाळात, म्हणजे ओढ्यात, पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ मांगरात आला. त्याचे गेस्ट येणार होते, शीट परत लावायच्या होत्या.  वाकडी कापलेली शीट तशीच लावूया म्हणाला, वरून पट्टी मारायची नाही, राहू दे ती फट. दुसरी मी टेबलावर घेतली, पट्टी लावली, दोन्ही टोकांना क्लॅम्प आवळले.

"किती काढायचं?" त्याने विचारलं.

"एक सूत."

एक सूत म्हणजे पात्याचीच रुंदी. या कापातून सुटून पडणारं काही नव्हतं, धरायला माणसाची गरजच नव्हती. तरी तो नेहमीच्या जागी, शीटच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पुढे धरले. मी मशीन चालवलं. आठ फूट, सरळ. बंद केलं तेव्हा जमिनीवर भुशाची एक बारीक ओळ पडली होती.

तो वाकला, त्यातली चिमूटभर उचलली आणि तळहातावर घेऊन बघत राहिला.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच," मी म्हटलं.